विद्यार्थ्यांचा गट-प्रकल्प : चुलीपाशी मिळालेले धडे

(ग्वाल्हेर येथील हरिशंकरपुरम वसाहतीत मराठी भाषक शिक्षक, पालक, ग्रामस्थ व ग्रामविकासाच्या कामातील अधिकारी यांच्या सभेत एका निवृत्त तंत्रशिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे.)



विद्यार्थ्यांनी गटाने करावयाचे प्रकल्प आणि त्यांतील संशोधनाच्या पद्धती या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांनी सूचना केली. सूचना समयोचित आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवातून शिकण्यावर भर दिला आहे. शाळा-महाविद्यालयांतून प्रकल्पांची संख्या वाढते आहे आणि अहवालांचे गठ्ठेही वाढत आहेत. अशा वेळी पद्धतीविषयी सर्वसाधारण उपदेश करण्यापेक्षा, मी स्वतः ज्याचा मार्गदर्शक होतो आणि ज्यात माझ्या हातून एक गंभीर चूक घडली, अशा एका प्रकल्पाची हकीकत आपल्यापुढे ठेवणे मला अधिक उचित वाटते. यशाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. परंतु पद्धतीचे शिक्षण चुकीच्या हिशेबातूनच अधिक मिळते, असा माझा अनुभव आहे.

विषयाची निवड

ही गोष्ट १९९९ सालच्या पावसाळ्यानंतर सुरू होते. मी त्या वेळी एका तंत्रनिकेतनात अध्यापन करीत होतो. शेवटच्या वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांचा एक गट माझ्याकडे सोपविण्यात आला. त्यांत चार मुलगे व दोन मुली होत्या. खेड्यातील घराला उपयोगी पडेल अशा एखाद्या वस्तूचा आराखडा तयार करावा, ती वस्तू बनवावी, तिची चाचणी घ्यावी आणि अहवाल सादर करावा, असे कामाचे स्वरूप होते. विद्यार्थ्यांनी निर्धूर चुलीचा विषय निवडला.

हा विषय आपणा मराठी माणसांना परका नाही. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्री. जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन अशा अनेक ग्रामोद्योगांवर प्रयोग झाले. तेथेच सुधारलेल्या चुलीचेही काम झाले आणि ती चूल पुढे 'मगन चूल' या नावाने देशभर प्रसिद्धीस आली. १९८३ साली केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालू होता आणि त्या अवधीत तीन कोटींहून अधिक चुली बांधल्या गेल्या. म्हणजे माझे विद्यार्थी कामाला लागले, त्या वेळी हा कार्यक्रम चालू होता.

विषयाचे महत्त्वही वादातीत होते. साध्या चुलीत जळणातील उष्णतेचा जेमतेम दहावा भाग भांड्यास मिळतो आणि बाकीची वाया जाते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. धुराचा उपद्रव तर त्याहून मोठा आहे. १९८१ च्या सुमारास कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसमवेत गुजरातेतील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवा ओढून घेणारी छोटी उपकरणे बसवून, त्यांच्या श्वासाबरोबर किती धूर आत जातो ते मोजले. तोपर्यंत हवेचे प्रदूषण म्हटले की कारखान्याचे धुराडे डोळ्यांपुढे येत असे. स्वयंपाकघरातील हवा त्याहूनही वाईट असू शकते, हे त्या मोजणीने दाखवून दिले. मोजमाप योग्य ठिकाणी घेतले तर जगाची दृष्टी बदलते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पहिली पाहणी

आमच्या गटाने शहरापासून काही कोसांवरचे एक गाव निवडले. मी वर्गात बसून एक प्रश्नावली तयार करून दिली. घरात माणसे किती, जळण कोणते, धुराचा त्रास होतो काय, नवी चूल हवी आहे काय, असे प्रश्न तीत होते. विद्यार्थी गावात गेले. गावच्या शाळेचे गुरुजी त्यांच्या सोबत होते. बहुतेक उत्तरे चौपालावर, म्हणजे आपल्या चावडीवर, बसलेल्या पुरुषमंडळींकडून मिळाली. घरोघर गेल्यावर स्त्रिया घुंगट ओढून दाराआड उभ्या राहत आणि बाहेर बसलेले सासरे किंवा दीर उत्तर देत. 'जळण कोणते?' या प्रश्नास जवळजवळ सर्वांनी 'लाकूड' असे उत्तर दिले. 'धुराचा त्रास होतो काय?' होतो. 'नवी चूल हवी काय?' हवी.

या उत्तरांवर आम्ही संतुष्ट झालो. कोष्टके भरली, आलेख काढले. त्यानंतर तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत विटा व माती यांची, चूल आणि वैल असलेली, सिमेंटच्या नळीचे धुराडे असलेली एक चूल तयार केली. बाभळीचे वाळलेले लाकूड सारख्या आकाराच्या ढलप्या करून तीत जाळले, मोजलेले पाणी उकळवले आणि किती लाकूड लागले याचा हिशेब मांडला. राष्ट्रीय कार्यक्रमात मातीच्या पक्क्या चुलीसाठी किमान वीस टक्के कार्यक्षमतेची अट होती. आमची चूल त्या अटीस उतरली. विद्यार्थ्यांना फार आनंद झाला आणि तो मलाही झाला.

डिसेंबरात गावातील पाच घरी या चुली बांधून देण्यात आल्या. येथे मी एक सूचना केली, आणि तीच माझी चूक होय. मी विद्यार्थ्यांना सांगितले, "जुनी चूल शेजारी राहिली तर बाया सवयीने तिच्याकडेच वळतील. शक्य तेथे जुनी चूल मोडा व त्याच जागी नवी बसवा, म्हणजे सवय लागेल." चार घरी जागा मोकळी होती, म्हणून जुन्या चुली तशाच राहिल्या. पाचव्या घरी जागा अपुरी होती. त्या घरच्या वृद्ध बाईंची चूल आमच्या विद्यार्थ्यांनी मोडली. सर्वजण त्यांना चाची म्हणत, म्हणून मीही त्यांचा उल्लेख तसाच करतो. नव्या चुलीपाशी उभे राहून सर्वांचे छायाचित्र काढण्यात आले आणि अहवालाच्या मुखपृष्ठासाठी ते निश्चितही झाले.

दुसरी भेट

जानेवारीच्या मध्यास गटातील दोघी मुली गावात राहिलेला वजनकाटा परत आणण्यासाठी गेल्या. ही भेट पूर्वसूचनेवाचून होती, गुरुजी सोबत नव्हते आणि वेळ सकाळच्या स्वयंपाकाची होती. ग्वाल्हेरकडील जानेवारी आपणास ठाऊक आहेच. दाट धुके पडले होते. चाचींच्या अंगणात, उघड्यावर, तीन दगड मांडून त्यांवर तवा ठेवलेला होता. चाची पाठीवर गोधडी घेऊन रोट्या भाजत होत्या आणि मधूनमधून खोकत होत्या. आत आमची नवी चूल स्वच्छ, सारवलेली, थंड होती. तिच्या वैलावर धान्याची टोपली ठेवलेली होती.

मुलींनी विचारले, "चाची, तुम्ही बाहेर का बसलात?"

चाची म्हणाल्या, "बिटिया, तुमची चूल चांगली आहे. डाळ शिजते, दूध तापते. पण रोटी तिच्यावर होत नाही. तव्यावरची रोटी निखाऱ्यावर फुलवावी लागते. तुमच्या चुलीला निखारे ओढून घ्यायला पुढे जागाच नाही."

हळूहळू बाकीचेही कळले. गावात जाळतात ते मुख्यतः शेणाच्या गोवऱ्या आणि मोहरीच्या काड्या. हा सारा मुलूख मोहरीचा. पीक निघाले की काड्यांचे भारे घरी येतात. लाकूड विकत घ्यावे लागते, म्हणून ते सणावारी वा लग्नकार्यात जळते. 'लाकूड' हे उत्तर पुरुषांनी दिले होते, कारण लाकूड आणणे हे पुरुषांचे काम आणि गोवऱ्या थापणे हे बायकांचे. आमच्या चुलीचे तोंड कार्यशाळेतील ढलप्यांच्या मापाचे होते. त्यात अखंड गोवरी शिरत नसे, आणि मोडून घातली तर राख साचून विस्तव गुदमरे. वैलावर भांडे नसले की तेथून धूर बाहेर येई. या भागातील घरांना पाटोर, म्हणजे दगडी फरश्यांचे छप्पर असते. त्यातून धुराडे वर काढता येईना, म्हणून आम्ही ते भिंतीतून वळवून काढले होते. त्या वळणावर काजळी धरू लागली होती.

मुलींनी अखेर विचारले, "चाची, हे सगळे तुम्ही आम्हांला आधी का सांगितले नाही?"

चाचींचे उत्तर मी आजवर विसरलो नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही मला रोटीचे कधी विचारलेच नाही. धुराचे विचारले. आणि इतक्या लांबून आलेल्या पोरांना, गुरुजी समोर असताना, तुमचे काम वाईट आहे असे कोण सांगेल?"

गटातील मतभेद

मुली परतल्या त्या दिवशी गटात मोठा वाद झाला. अहवाल टंकलिखित होऊन तयार होता. सादर करण्याची तारीख आठ दिवसांवर होती. काहींचे म्हणणे असे की, चाचणीचे आकडे खरे आहेत, चुली प्रत्यक्ष बांधल्या आहेत, तेव्हा अहवाल तसाच द्यावा. या गोष्टी फार तर 'पुढील संशोधनास वाव' या सदराखाली चार ओळींत लिहाव्यात. एका मुलाने गुणांचा प्रश्न काढला. तो गरीब घरचा होता आणि त्याला नोकरीची निकड होती. त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

मला विचारले, तेव्हा मीही प्रथम 'तसाच द्या' असे म्हणालो. आज हे सांगताना संकोच वाटतो. तारीख पाळणे हा शिक्षकाचा धर्म आहे, अशी मी मनाची समजूत घातली. त्यावर त्या दोघींपैकी एकीने शांतपणे विचारले, "सर, आपण एका म्हाताऱ्या बाईची चूल मोडून तिला थंडीत बाहेर बसविले आहे. अहवालात हे कोणत्या कोष्टकात लिहायचे?"

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी विभागप्रमुखांकडून मुदतवाढ मागून घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही सातही जण गावात गेलो. चाचींची माफी मागितली आणि पहिले काम केले ते तिची जुनी चूल पुन्हा बांधून देण्याचे.

जुनी चूल बांधताना

मित्रहो, आमचे खरे संशोधन त्या दिवशी सुरू झाले. चूल बांधली चाचींनीच. आम्ही माती कालवणारे मजूर होतो. माती कोणत्या तळ्याची घ्यावी, तीत भुसा किती व शेण किती घालावे, किती वेळ तुडवावी, हे त्या सांगत होत्या. चुलीच्या तोंडाची रुंदी त्यांनी विताने मोजली, उंची पाटावर बसून तव्यापर्यंत हात पुरेल अशी ठरविली. चुलीपुढे हातभर जागा उताराची सोडली. ती निखाऱ्यांची जागा होती. तिच्यावर रोटी फुलते, तिच्याच कडेला रात्री दुधाचे मडके मंद आचेवर राहते आणि थंडीत त्याच निखाऱ्यांपाशी घरातली लहान मुले बसतात. मुलींनी कागद काढून प्रत्येक माप लिहून घेतले आणि त्या मापाशेजारी त्याचे कारणही लिहिले. आम्ही ज्या चुलीला 'अप्रगत' म्हणून मोडले होते, तिच्या प्रत्येक अंगामागे काही ना काही कारण होते. धूर हा तिचा खराखुरा दोष होता. परंतु बाकीचे गुण मोडून तो दोष काढण्याचा आमचा प्रयत्न होता.

त्यानंतरचे तीन आठवडे गटाने वेगळ्या रीतीने काम केले. दोघी मुली निरनिराळ्या घरी पहाटेपासून स्वयंपाक संपेपर्यंत बसत आणि काय घडते ते केवळ पाहून लिहीत. प्रश्न विचारावयाचा तो पाहून झाल्यावर, आणि बाईंना एकटे गाठून. मुलांनी जळणाच्या वजनाचे काम घेतले. संध्याकाळी गोवऱ्या, काड्या व लाकूड वेगवेगळे तोलून घरात ठेवावे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले तोलावे आणि त्या दिवशी घरात जेवलेल्या माणसांची संख्या लिहावी. हे त्यांनी प्रत्येक घरी सलग काही दिवस केले, कारण एका दिवसावरून काहीच कळत नाही. पाहुणे येतात, उपास असतो, एखाद्या दिवशी जनावरांचे आंबोण त्याच चुलीवर शिजते.

याच सुमारास माझ्या वाचनात आले की, चुलींच्या चाचण्यांविषयी जगातील तज्ज्ञांनी १९८० नंतरच्या दशकातच तीन पायऱ्यांची पद्धत घालून दिली होती. पहिली, मोजलेले पाणी उकळण्याची चाचणी. दुसरी, ठराविक पदार्थ ठराविक रीतीने शिजविण्याची चाचणी. तिसरी, प्रत्यक्ष कुटुंबाच्या स्वयंपाकघरात, नेहमीच्या जळणावर, नेहमीच्या माणसांकडून होणाऱ्या वापराची चाचणी. पहिली सोपी, स्वस्त व झटपट होते, म्हणून सर्वजण तीच करतात. परंतु तिच्यावरून दोन आराखड्यांची तुलना तेवढी करता येते. घरात जळण वाचेल काय, याचे उत्तर केवळ तिसरीच देते. आम्ही पहिल्या पायरीवर उभे राहून तिसरीचे निष्कर्ष काढले होते.

दुसरा आराखडा आणि त्याची मर्यादा

नव्या आराखड्यात तोंड रुंद केले, निखाऱ्यांसाठी पुढे उतार ठेवला, वैलाला मातीचे झाकण दिले आणि धुराड्याच्या वळणावर काजळी काढण्यासाठी एक विटेचे दार ठेवले. तोंड रुंद केल्यामुळे थोडी उष्णता वाया जाऊ लागली आणि कार्यशाळेतील चाचणीचा आकडा पहिल्यापेक्षा खाली आला. विद्यार्थ्यांनी तो लपविला नाही. चाचींच्या घरी ही चूल जुन्या चुलीच्या शेजारी, भिंतीकडची कणग हलवून बांधली. डाळ, भाजी व दूध नव्या चुलीवर आणि रोटी बहुधा जुन्या चुलीवर, असा त्यांचा परिपाठ झाला. धूर घरातून गेला नाही, मात्र कमी झाला, असे त्या सांगत. त्यांचे हे सांगणे आम्ही 'चाचींचे मत' म्हणूनच अहवालात नोंदविले. मोजलेला निष्कर्ष म्हणून नोंदविले नाही.

अहवालात विद्यार्थ्यांनी 'आमच्या चुका' या नावाचे एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. मोडलेल्या चुलीची हकीकत त्यात होती आणि ती सूचना मार्गदर्शकांनी केली होती, हेही माझ्या आग्रहावरून लिहिले गेले. परीक्षकांनी 'उद्दिष्ट साध्य झालेले नाही' असा शेरा मारून गुण बेताचेच दिले. ज्या मुलाने गुणांची काळजी केली होती, तो काही दिवस माझ्याशी बोलला नाही. सत्य लिहिण्याची किंमत विद्यार्थ्यांनी भरली आणि मी त्यांना ती भरू दिली. या गोष्टीचे शल्य माझ्या मनात आहे, आणि म्हणूनच पुढे मी मूल्यमापनाची रीत बदलण्याचा आग्रह धरला.

पद्धतीविषयी काही विचार

या अनुभवावरून संशोधनपद्धतीविषयी जे मला उमगले, ते थोडक्यात सांगतो.

प्रश्नावली निरुपयोगी नाही. घरात माणसे किती, जनावरे किती, शेत किती, असल्या गोष्टी तिने चांगल्या कळतात. परंतु जो पाहुणा काही देऊ करतो, त्याला 'तुमची वस्तू हवी काय?' असे विचारले असता जे उत्तर मिळते, ते वस्तूविषयीचे नसते. ते आतिथ्याचे असते. दुसरे असे की, उत्तर कोण देतो यावर उत्तर अवलंबून असते. जो हात चूल पेटवितो, त्या हाताच्या धन्याला विचारले पाहिजे.

निरीक्षणाने माणसे काय करतात ते दिसते, पण का करतात ते दिसत नाही. म्हणून आधी पाहावे आणि मग विचारावे. मोजमापाने किती ते कळते, परंतु काय मोजावे हे ठरविल्यावाचून ते आंधळे असते. आम्ही पाणी उकळून मोजले, रोटी मोजली नाही. आणि स्वतःच्या हाताने जुनी वस्तू बनविणे ही तर मी एक स्वतंत्र पद्धतच मानतो. वस्तू का तशी आहे, हे ती बनविताना जितके कळते, तितके तिच्याकडे पाहून कळत नाही.

पाच घरांवरून किती बोलावे, याचेही भान हवे. पाच घरांवरून 'ग्रामीण स्त्रियांना अमुक हवे असते' असे म्हणता येत नाही. 'या पाच घरी, या हिवाळ्यात असे घडले' एवढेच म्हणता येते. हे म्हणणे लहान वाटते, पण ते खरे असते.

गटाविषयीही एक सांगितले पाहिजे. कामाची वाटणी केली की मोजणारा मोजतो, लिहिणारा लिहितो आणि सर्वांचे मिळून सत्य कोणाच्याच हाती राहत नाही. आमच्या गटात दोघी मुलींच्या डोळ्यांना जे दिसले, ते चौघांच्या आकड्यांच्या विरुद्ध होते. गटाचा उपयोग काम लवकर उरकणे एवढाच नव्हे. एकाचे पाहणे दुसऱ्याच्या मोजण्याला तपासते, हा त्याचा खरा उपयोग होय. त्या दोघी नसत्या, तर आम्हांला स्वयंपाकघराच्या आत प्रवेशच मिळाला नसता, हेही येथे नमूद करतो.

दोन उदाहरणे

वापरणाऱ्याकडून शिकणे म्हणजे अभियांत्रिकीची उपेक्षा, असा कोणी समज करून घेऊ नये. आपल्या गावोगावचा हातपंप पाहा. १९७४ च्या सुमारास युनिसेफने केलेल्या पाहणीत, देशात बसविलेल्या बिडाच्या हातपंपांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद पडलेले आढळले. हे पंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेल्या नमुन्यांवरून केलेले होते. गावाचे शेकडो हात त्यांवर दिवसभर पडू लागले, तेव्हा ते टिकेनात. त्याच काळात महाराष्ट्रात जालना व सोलापूर येथे, दुष्काळी भागात विंधनविहिरींचे काम करणाऱ्या संस्थांच्या कारागिरांनी, मोडलेले पंप दुरुस्त करता करता अधिक मजबूत पंप तयार केले होते. पुढे अभियंत्यांनी सोलापूरच्या पंपाचा आधार घेतला, त्यात सुधारणा केल्या, कोइमतूर परिसरात गावकऱ्यांच्या रोजच्या वापरात त्याची कसोटी घेतली आणि त्यातून 'इंडिया मार्क दोन' हा पंप सिद्ध झाला. तो पुढे अनेक देशांत गेला. कारागिराचे अनुभवज्ञान, बंद पडलेल्या पंपांची प्रामाणिक मोजदाद आणि गावातली चाचणी ही तिन्ही येथे एकत्र आली.

दुसरे उदाहरण शिक्षणातले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या उद्योगातील संशोधनाचे काम सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम सुरू केला. गावकऱ्यांना उपयोगी पडणारी कामे हीच तेथे विद्यार्थ्यांच्या अभ्यासाची साधने ठरविली गेली. ज्या गावासाठी वस्तू करावयाची, त्याच गावात विद्यार्थी राहत असेल, तर वस्तू बिघडल्याचे त्याला दुसऱ्याच दिवशी कळते. आमच्या विद्यार्थ्यांना ते कळावयास विसरलेला वजनकाटा कारण व्हावा लागला.

अधिकारी, शिक्षक आणि ग्रामस्थ यांना विनंती

आज परिस्थिती बदलली आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेद्वारे गॅसच्या जोडण्या खेडोपाडी गेल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरीत होती. ही प्रगती मोठी आहे. तरीही अनेक घरी गॅसच्या शेगडीशेजारी चूल पेटतेच. चहा गॅसवर, रोटी वा भाकरी चुलीवर, आंघोळीचे पाणी चुलीवर. चाचींच्या घरी दोन चुली शेजारी शेजारी होत्या, तोच हा प्रकार आहे. म्हणून आमच्या प्रकल्पाचा प्रश्न जुना झालेला नाही.

अधिकारी बंधूंना माझी विनंती आहे की, कोणत्याही वस्तूच्या वाटपाच्या तक्त्यात 'किती दिल्या' या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत. 'आज पाहिले तेव्हा वापरात होती काय?' आणि 'जुनी वस्तू अजून कशासाठी वापरली जाते?' पहिल्या रकान्याने काम किती झाले ते कळते, पुढच्या दोहोंनी उपयोग किती झाला ते कळते. आणि जुनी वस्तू मोडण्याची घाई कोणीही, कधीही करू नये.

शिक्षकांना विनंती ही की, प्रकल्पाचे वेळापत्रक आखताना वस्तू दिल्यानंतरची दुसरी भेट त्यात आधीच धरावी आणि तिला स्वतंत्र गुण ठेवावेत. आपली चूक शोधून, सिद्ध करून, लिहिणाऱ्या गटास 'उद्दिष्ट साध्य झाले नाही' म्हणून शिक्षा होऊ नये. तसे झाले, तर आपण विद्यार्थ्यांना अहवाल सजविण्याचेच शिक्षण देत आहोत, असे होईल.

ग्रामस्थांना माझे हात जोडून सांगणे आहे. विद्यार्थी आपल्या दारी आले की त्यांना पाणी द्या, गूळ द्या, पण खोटे समाधान देऊ नका. त्यांना विचारा, "पोरांनो, परत कधी याल?" आणि ते परत आले की घरातील बायाबापड्यांना पुढे बसवून स्पष्ट बोलू द्या. आपले स्पष्ट बोलणे हेच त्यांचे शिक्षण आहे.

चाची आता हयात नाहीत. त्या सहा विद्यार्थ्यांपैकी जो मुलगा माझ्यावर रागावला होता, तो पुढे पाणीपुरवठ्याच्या कामात अभियंता झाला. काही वर्षांपूर्वी तो हरिशंकरपुरमला माझ्या घरी आला होता. बोलता बोलता त्याने सांगितले की, नवी नळयोजना सुरू झाली म्हणून गावाने जुनी विहीर बुजवावयास काढली, तेव्हा त्याने ती दोन उन्हाळे तशीच ठेवण्यास भाग पाडले. कारण मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.